फाळक्यांच्या कुंडीतला वाटाणा

भारतीय चित्रपटाची जन्मकथा सांगताना आपण सगळे एकाच दिवशी जाऊन पोहोचतो. ३ मे १९१३, गिरगावातलं कॉरोनेशन थिएटर, ‘राजा हरिश्चंद्र’. शाळेच्या पुस्तकात तेच, स्पर्धा परीक्षेच्या गाइडात तेच. पण विलायतेहून आणलेल्या कॅमेऱ्याने दादासाहेब फाळक्यांनी लोकांना दाखवण्यासाठी पहिल्यांदा जे काम हाती घेतलं, त्यात ना हरिश्चंद्र होता ना तारामती. तिथं एक कुंडी होती आणि तिच्यात वाटाणे पेरलेले होते. महिन्याहून जास्त दिवस फाळके त्या कुंडीसमोर कॅमेरा लावून होते. त्यातून मिनिटभराहून थोडी मोठी फिल्म तयार झाली, तिचं नाव ‘अंकुराची वाढ’. साल १९१२.

ही पुस्तिका त्या कुंडीपासून सुरू होते. झाडं वाढवणारे आणि त्यांची चित्रं काढणारे अशा तीन माणसांची आठवण तिच्यात आहे. धुंडिराज गोविंद फाळके, इंग्लंडमधला चार्ल्स जोन्स नावाचा माळी आणि अमेरिकेतला नामवंत छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन. जोन्स आयुष्यभर माळीच होता. स्टायकेनला फुलांचं वेड तरुणपणी लागलं ते शेवटपर्यंत सुटलं नाही. फाळके मात्र बागवान नव्हते. ते माळी झाले ते एका कुंडीपुरते आणि एका महिन्यापुरते. तरीही तिघांत जास्त जागा मी फाळक्यांना दिली आहे, कारण त्या एका महिन्यात त्यांनी झाडाकडे जसं पाहिलं तसं आपल्याकडे त्याआधी कॅमेऱ्यातून कुणी पाहिलेलं माझ्या वाचनात नाही.

छायाचित्रकाराची आठवण त्याच्या गाजलेल्या चित्रावरून ठेवली जाते. माळ्याची तर बहुतेक वेळा ठेवलीच जात नाही. झाड मोठं झालं की लोक झाडाचं कौतुक करतात. दुष्काळी महिन्यात लांबून कळशीने पाणी कुणी आणलं हे कुणी विचारत नाही. चित्राचंही तसंच. भिंतीवर तसबीर लागते, पण ती मिळावी म्हणून रोज त्याच वेळी त्याच जागी उभा राहिलेला माणूस तिच्यात कुठंच नसतो. माझं म्हणणं एवढंच, की अशा माणसांची आठवण काढायची तर ती त्यांच्या रोजच्या हजेरीपासून काढावी. गाजलेली कामं पुढे आपोआप येतात.

मी हे वाशिंदमध्ये बसून लिहितो आहे, आणि वाशिंदकराला फाळके परके वाटायचं कारण नाही. कल्याणपासून वाशिंदपर्यंतचा लोहमार्ग १ ऑक्टोबर १८५५ रोजी सुरू झाला आणि पुढची चार वर्षं रेल्वे आपल्या गावातच संपत होती. आसनगावला ती १८६० मध्ये गेली, कसाऱ्याला १८६१ मध्ये. पुढे थळ घाट चढून ती इगतपुरीला आणि नाशिकला पोहोचली. फाळक्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७० चा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. विल्सन कॉलेजात शिकवायला ते मुंबईला आले आणि मुलगा १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर फाळक्यांनी सगळं बिऱ्हाड नाशिकला हलवलं आणि तिथंच १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचं निधन झालं. नाशिक आणि मुंबई यांच्यामधला रेल्वेचा रस्ता एकच, आणि तो आपल्या दारावरून जातो.

चित्रपटाच्या आधीची फाळक्यांची वीस वर्षं छायाचित्रणाची आणि छपाईची होती, हे सहसा कुणी ध्यानात घेत नाही. बडोद्याच्या कलाभवनात ते चित्रकला शिकले, तिथंच १८९० च्या सुमारास स्थिरचित्रांचा कॅमेरा त्यांच्या हाती आला. १८९५ मध्ये त्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. प्लेगच्या साथीत तिथं त्यांची पहिली पत्नी आणि मूल गेलं. परत बडोद्याला येऊन धंदा मांडला, तर कॅमेरा माणसातली शक्ती शोषून घेतो या समजुतीने गिऱ्हाईक यायला कचरायचं. पुढे पुरातत्त्व खात्यात आरेखन आणि छायाचित्रण केलं, नोकरी सोडली, लोणावळ्याला छपाईचा कारखाना काढला, राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या शिळाछपाईचं काम केलं, १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं पाहायला जर्मनीला जाऊन आले. काचेची प्लेट, रसायनं, अंधारी खोली, शिळा, शाई हे सगळं त्यांच्या बोटांत होतं. चाळिशी गाठलेल्या माणसाने अचानक सिनेमाचा ध्यास घेतला असं जे सांगतात, ते अर्धंच खरं आहे. हात वीस वर्षं तयार होत होते.

ध्यास लागला तो १९११ मध्ये. गिरगावात ‘अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस’मध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. ख्रिस्त पडद्यावर चालत होता तेव्हा आपल्याला कृष्ण आणि राम दिसत होते, असं त्यांनी पुढे १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकात लिहिलं. त्यानंतर मिळेल तो चित्रपट पाहायचा, रात्री जागून यंत्राचे प्रयोग करायचे, झोप नाही, पैशाची चिंता. यात त्यांची दृष्टी अधू झाली. उपचारांनी ती परत आली. मग विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून त्यांनी यशवंतराव नाडकर्णी यांच्याकडून दहा हजार रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनला निघाले. तिथं ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांना भेटले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते पाहिलं, पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा, फिल्मच्या कडांना भोकं पाडायचं यंत्र आणि कोडॅकची कच्ची फिल्म यांची ऑर्डर दिली आणि १ एप्रिलला परत आले. सामान मुंबईत येऊन पडलं ते मे महिन्यात.

आता पुढचा प्रश्न पैशाचा होता. हलतं चित्र इथल्या माणसाला काढता येतं यावर सावकाराने विश्वास कसा ठेवायचा? फाळक्यांनी नट जमवले नाहीत, देखावे रंगवले नाहीत. वाटाणा पेरला.

ही निवड किती नेमकी होती ते झाडं वाढवणाऱ्याला जास्त कळेल. माणूस चालताना, घोडा धावताना पडद्यावर दिसला तर लोक म्हणणार, हे विलायती फिल्मवाल्यांनी दाखवलंच आहे. पण बी फुगतं, माती उचलली जाते, कोंब बाहेर येतो, पानं उघडतात, तणावे आधार शोधत फिरतात, हे सगळं कुठल्याही डोळ्याला सलग दिसत नाही. शेतकऱ्यालाही नाही. तो सकाळी पाहतो तेव्हा कालच्यापेक्षा वाढलेलं असतं एवढंच. कॅमेरा हे सलग दाखवू शकतो, आणि ते दाखवायला ना वेशभूषा लागते ना परदेशी नट. यंत्राची ताकद दाखवायची तर डोळ्याच्या आवाक्याबाहेरची गोष्ट दाखवावी, हे फाळक्यांना बरोबर उमगलं होतं.

विलायतेत असे प्रयोग तोवर झाले होते. जर्मनीत विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाडांच्या हालचालींची चित्रं घेतली होती. लंडनच्या पर्सी स्मिथने १९१० मध्ये ‘द बर्थ ऑफ अ फ्लॉवर’ काढून पाकळ्या उमलताना प्रेक्षकांना दाखवल्या होत्या. फाळक्यांच्या कामाचं मोल त्यामुळे कमी होत नाही. शिकवायला कुणी नाही, यंत्र बिघडलं तर दुरुस्त करणारा गावात नाही, वाया गेलेल्या फिल्मचा प्रत्येक फूट उधारीचा, अशा स्थितीत घरात बसून त्यांनी ते केलं.

यात एक बारीक हिशेब आहे, तो इथं मांडतो. फाळके रोज एक चित्र घ्यायचे असं सगळीकडे लिहिलेलं आढळतं. सांगायला ते छान वाटतं. पण त्या काळी पडद्यावर सेकंदाला साधारण सोळा चित्रं सरकत. मिनिटभराच्या फिल्मला साडेनऊशेच्या वर चित्रं लागतात. दिवसाला एकच घेतलं तर चाळीस दिवसांत चाळीस चित्रं होतात, आणि पडद्यावर ती अडीच सेकंदांत संपतात. फिल्म मिनिटभर चालायची आणि काम दीड महिन्यात उरकायचं, तर दिवसाला वीस-पंचवीस चित्रं घ्यावीच लागतात. रात्रीही दिवा लावून घेतली तर तासाला एक. फक्त दिवसाउजेडी घेतली तर अर्ध्या तासाला एक. म्हणजे सकाळी उठून एकदा हँडल फिरवलं आणि कामाला गेलं, असं हे नव्हतं. त्या कुंडीने घरातला एक माणूस बांधून ठेवला होता.

आणि नुसतं हँडल फिरवूनही भागत नाही. कॅमेरा केसभर हलला तर पडद्यावर सगळी कुंडी उडी मारते. उजेड कमी-जास्त झाला तर चित्र लुकलुकतं. कुंडी खिडकीपाशी असेल तर रोप उजेडाकडे वाकतं आणि आठ दिवसांत चौकटीबाहेर जातं. एरवी आपण कुंडी फिरवून रोप सरळ करतो, इथं कुंडीला हात लावायची सोय नाही. पाणी घालावं तर माती खचते, न घालावं तर पान मान टाकतं आणि ते मान टाकणं पडद्यावर दिसतं. शिवाय वाटाणा हे थंडीचं पीक. आपल्याकडे भात कापून झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल, हरभरा टाकतात त्या दिवसांतलं. कॅमेरा आला मे महिन्यात. वर्ष संपायच्या आत ‘राजा हरिश्चंद्र’चं काम सुरू झालं, त्याला सहा महिने सत्तावीस दिवस लागले. हिशेब केला तर वाटाणा वाढला असणार तो मुंबईच्या उकाड्यात किंवा भर पावसाळ्यात. त्या हवेत वाटाण्याचं बी कुजतं, उगवलं तर रोपं पिवळी पडतात. ज्याने कधी अवेळी वाटाणा लावून पाहिला असेल, त्याला फाळक्यांबद्दलचा आदर दुपटीने वाढल्याशिवाय राहणार नाही.

वाटाण्याच्या रोपाकडे जवळून पाहा. बियाच्या दोन डाळिंब्या मातीतच राहतात, वर येत नाहीत. वर येतो तो बारीक हिरवा कोंब, आणि तोही ताठ येत नाही, मान खाली घालून येतो. वाकलेल्या भागाने माती उचलायची आणि कोवळं टोक मागून सुखरूप बाहेर काढायचं अशी त्याची रीत. बाहेर आला की मान सरळ होते. पुढे पानाच्या टोकाला तणावे फुटतात. दोऱ्यासारखा तणावा हवेत फिरत असतो. तासा-दोन तासांत त्याचा एक फेरा होतो. काडीला लागला की त्याच बाजूने वळायला लागतो आणि थोड्या वेळात वेढा घालतो. डार्विनने वेलींच्या या हालचालींचा इतका छंद घेतला की त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. तो तासन्‌तास बसून टिपणं काढत असे. फाळक्यांची फिल्म हेच काम मिनिटात दाखवत होती.

ती फिल्म त्यांनी निवडक मंडळींना दाखवली. पाहणाऱ्यांपैकी नाडकर्णी आणि नारायणराव देव्हारे यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. पुढे फाळक्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिनेही गहाण पडले. सरस्वतीबाईंचं नाव इथं घ्यायलाच हवं. कच्च्या फिल्मला कडेने भोकं पाडायची, तीही अंधारात बोटांच्या अंदाजाने; रसायनं कालवायची; फिल्म धुवायची; चित्रीकरणाच्या वेळी ऊन परावर्तित करायला पांढरी चादर धरून तासन्‌तास उभं राहायचं; आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही करायचा. कॅमेऱ्याची अंधारी खोली आणि घरचं स्वयंपाकघर या दोन्ही ठिकाणी एकच बाई उभी होती. तिचा उल्लेख आता होऊ लागला आहे, पण व्हायला हवा तेवढा नाही.

‘अंकुराची वाढ’ आज पाहायला मिळत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’चेही सगळे भाग उरलेले नाहीत. जुनी फिल्म नायट्रेटची. ती पेट घेते, चिकटते, तिचा भुगा होतो. पण वाटाण्याच्या फिल्मबद्दल मला जास्त हळहळ वाटते. पौराणिक कथेचे चित्रपट पुढे शेकड्यांनी निघाले. एका रोपाला नायक करायचं धाडस आपल्या पडद्याने त्यानंतर फारसं केलं नाही.

चार्ल्स जोन्सची गोष्ट हरवण्याचीच आहे, फक्त तिला पुढे सापडण्याचा योग आला. जन्म १८६६, वूल्व्हरहॅम्प्टनचा, बाप खाटिक. जोन्स माळीकाम शिकला आणि १८९० च्या दशकात ससेक्समधल्या ओट हॉल नावाच्या वाड्याच्या बागेवर लागला. त्याची बाग नावाजलेली होती. १९०५ मध्ये ‘गार्डनर्स क्रॉनिकल’ या बागकामाच्या नियतकालिकाने तिची दखल घेतली. पण तो फोटो काढतो हे बागेबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. १९५९ मध्ये तो वारला. त्यानंतर बावीस वर्षांनी, १९८१ मध्ये, लंडनच्या बर्मंडसी बाजारात शॉन सेक्स्टन या संग्राहकाला एक जुनी पेटी मिळाली. आत शेकडो फोटो. कोबी, मटारच्या शेंगा, कांदे, बीट, नासपती, ट्यूलिप. प्रत्येक भाजी एकटी, मागे साधा पडदा, आणि प्रकाश असा की बटाट्याच्या सालीवरची माती मोजता यावी. प्रत्येक फोटोच्या पाठीवर वाणाचं नाव आणि सही किंवा आद्याक्षरं लिहिलेली. चित्रं टीव्हीवर दाखवली गेली तेव्हा त्याच्या नातीने ती ओळखली, म्हणून या माणसाचं आयुष्य आपल्याला कळलं. १९९८ मध्ये त्या चित्रांचं पुस्तकही निघालं.

जोन्सची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्याच्या काचेच्या निगेटिव्ह सापडल्या नाहीत. म्हातारपणी त्याने त्या बागेत कोवळ्या रोपांवर झाकायला वापरल्या, अशी नातीची आठवण. इंग्लंडच्या थंडीत रोपावर काच ठेवली की आत ऊब राहते, रोप तगतं. कलेचा इतिहास लिहिणारे यावर हळहळतात, आणि हळहळणं रास्तच आहे. पण मला त्यात जोन्सचा सगळा स्वभाव दिसतो. त्याने कोबी लावला, वाढवला, त्याचा फोटो काढला, आणि त्या फोटोच्या काचेखाली पुढच्या वर्षीचा कोबी वाढवला. त्याच्या लेखी ही दोन कामं वेगळी नव्हतीच.

आपल्याकडेही काचेच्या निगेटिव्हचं फार काही वेगळं झालं नाही. स्टुडिओ बंद झाला की प्लेटा खरवडून काच विकली जायची, तसबिरीला लावली जायची. गावोगावच्या जत्रांचे, मुंजींचे, लग्नांचे चेहरे असे पुसले गेले. एखाद्या जुन्या घरात, माळ्यावर, लाकडी खोक्यात काचेच्या प्लेटा आढळल्या तर कृपा करून त्या पाण्याने धुऊ नका. ज्या बाजूवर चित्राचा थर असतो ती बाजू बोटाने पुसू नका. कोरड्या कागदात एकेक गुंडाळून उभ्या ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

स्टायकेनबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्याच्यावर जगात भरपूर लिहिलं गेलं आहे. जन्म १८७९, लक्झेंबर्गचा. बालपणीच कुटुंब अमेरिकेत गेलं. पहिल्या महायुद्धाआधी फ्रान्समधल्या वुलाँजी गावी त्याचं घर होतं, तिथं त्याने डेल्फिनियमची लागवड सुरू केली. उंच दांड्यावर निळ्या-जांभळ्या फुलांचे तुरे येणारं हे थंड हवेचं झाड. याच गावी त्याने १९१४ मध्ये जड, पिकल्या गुलाबांचा तो प्रसिद्ध फोटो काढला, आणि पुढे नासपती आणि सफरचंदाचा एक फोटो असा, की कॅमेऱ्याचं झाकण छत्तीस तास उघडं होतं. अमेरिकेत परतल्यावर कनेटिकटमध्ये जमीन घेऊन त्याने डेल्फिनियमचे संकर करायला एकरावारी क्षेत्र लावलं. १९३६ च्या जूनअखेरीस न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात त्याचं प्रदर्शन भरलं, ते फोटोंचं नव्हतं. झाडांचं होतं. स्वतः वाढवलेले डेल्फिनियमचे तुरे त्याने तिथं मांडले. प्रदर्शन आठवडाभर चाललं. त्याहून जास्त फुलं टिकणार तरी कशी? त्या भिंतींवर जिवंत फुलं कलाकृती म्हणून मांडण्याची ती पहिली वेळ.

हाच स्टायकेन पुढे त्या संग्रहालयाच्या छायाचित्र विभागाचा प्रमुख झाला. १९५५ मध्ये त्याने ‘द फॅमिली ऑफ मॅन’ हे ५०३ छायाचित्रांचं प्रदर्शन उभं केलं, आणि जगभर फिरताना ते मुंबईतही आलं. आपल्याकडे त्याचं नाव माहीत आहे ते त्यामुळे. पण म्हातारपणी त्याने काय केलं ते मला जास्त जवळचं वाटतं. घराजवळच्या तळ्याकाठी शॅडब्लो नावाचं एक लहान झाड होतं, वसंतात पांढऱ्या फुलांनी भरणारं. वर्षानुवर्षं, सगळ्या ऋतूंत, तो त्याच एका झाडाचे फोटो काढत राहिला. १९७३ मध्ये गेला तेव्हा तो चौऱ्याण्णव वर्षांचा होण्याच्या बेतात होता. फाळक्यांनी जे महिनाभर केलं, ते स्टायकेनने आयुष्याच्या उताराला वर्षानुवर्षं केलं.

ही तिन्ही आयुष्यं वाशिंदमध्ये बसून लिहिण्यामागे कारण आहे. आपला हा पट्टा, भातसा खोऱ्यापासून माहुलीच्या पायथ्यापर्यंत आणि तिकडे मुरबाडहून माळशेज-नाणेघाटापर्यंत, झाडांच्या बाबतीत श्रीमंत आहे, आणि ही श्रीमंती वेळेवर बांधलेली आहे. मे संपताना पहिला वळीव झाला की शेवळं वर येतात. आधी पान नाही, काही नाही, नुसता जांभळट-तपकिरी दांडा जमिनीतून निघतो. आठवड्या-दोन आठवड्यांत आदिवासी बायका त्याच्या जुड्या बांधून स्टेशनाबाहेर बसतात, सोबत खाज मारायला काकडं. ज्याला ठाऊक आहे तो थांबून घेतो. बाकीची गर्दी लोकल पकडायला पुढे जाते. त्यानंतर टाकळा, कर्टोली, भारंगी. सह्याद्रीच्या उतारावरची कारवी तर सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि फुलून झाली की वाळून जाते. एका कारवीचं बी ते फूल हे सगळं टिपायचं तर एका शाळेतल्या मुलांच्या दोन पिढ्यांनी एकमेकांच्या हाती काम सोपवत न्यावं लागेल. असं काम करण्यासारखं आहे. ते कुणी करायला घेतलं तर ही पुस्तिका लिहिल्याचं सार्थक होईल.

दरम्यान वाशिंद बदलतंय. पोलादाचा कारखाना, समृद्धी महामार्ग, शेतांच्या जागी उभे राहणारे इमले आणि फार्महाऊस, पहाटेपासून भरून जाणाऱ्या कसारा लोकल. भाताच्या खाचरातून वाट काढत स्टेशनला जाणारी माणसं अजून आहेत, खाचरं मात्र दर पावसाळ्याला थोडी कमी दिसतात. हे आता टिपलं नाही तर वीस वर्षांनी आपण काय दाखवणार? आणि टिपण्याचं साधन प्रत्येकाच्या खिशात आहे. फाळक्यांना जो कॅमेरा आणण्यासाठी विमा गहाण ठेवावा लागला, त्याहून हलकं आणि सोपं यंत्र दहावीतल्या पोराकडे असतं. कमी पडते ती हजेरी.

म्हणून पुस्तिकेच्या शेवटी एक प्रयोग दिला आहे. त्यात वाटाण्याचा आग्रह धरलेला नाही. वाल घ्या, कडवा वाल. भात निघाल्यावर, दिवाळीनंतरच्या थंडीत. वाटाण्याच्या डाळिंब्या मातीतच राहतात, वालाच्या मात्र वर येतात. बिरडं करणाऱ्या प्रत्येक घराला त्या डाळिंब्या ठाऊक आहेत. मातीचं ढेकूळ डोक्यावर घेऊन वर येणारा वाल चित्रात वाटाण्यापेक्षाही चांगला दिसेल. कुंडी उत्तरेकडच्या खिडकीत ठेवा, तिथं दिवसभराचा उजेड सारखा राहतो. मोबाइल विटेला किंवा फळीला पक्का बांधा, हातात धरू नका. जमिनीवर खडूने कुंडीची आणि विटेची जागा आखून घ्या. घरात कुणी ना कुणी दिवसभर असतंच. अर्ध्या-अर्ध्या तासाला एक चित्र असं काम वाटून घ्या, आजीने दुपारची पाळी घ्यावी, शाळेतून आल्यावर मुलांनी. पाणी झारीने, कडेकडेने, चित्र घेतल्यानंतर लगेच. म्हणजे पुढच्या चित्रापर्यंत ओल जिरते. वालाचा वेल चढायला काडी पहिल्या दिवसापासून खोवून ठेवा, मधेच खोवली तर पडद्यावर ती आभाळातून पडल्यासारखी येते.

सोबत एक वही ठेवा. तारीख, वेळ, पाऊस-ऊन, पाणी किती घातलं, आणि ज्याने चित्र घेतलं त्याचं नाव. काम संपल्यावर त्यातली चार-पाच चित्रं कागदावर काढून घ्या आणि जोन्स करायचा तसं पाठीवर पेन्सिलीने लिहा: वाण, गाव, वर्ष, बी कुणाकडून आणलं आणि पाणी कुणी घातलं.